काचेमागचा सांडवा

ज्या वस्तू पाहण्यासाठीच घडवल्या जातात, त्यांचा इतिहास बहुधा समोरच्या बाजूने लिहिला जातो. नाटकाच्या इतिहासात पडदा ओढणाऱ्याला जागा नसते, बागेच्या इतिहासात पाटकऱ्याला नसते. मत्स्यालयाच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. काच, मासे, प्रवाळ आणि व्हिक्टोरियन इंग्लंडला लागलेले त्यांचे वेड यांवर पुष्कळ लिहिले गेले. पण त्या पेटीतले पाणी बाहेर कुठून आणि कसे पडत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. वास्तविक घरात मोठी मत्स्यपेटी बसवू पाहणाऱ्या कोणालाही सर्वांत आधी याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. पंपाने पाणी वर चढवणे सोपे आहे. चढवलेले पाणी जमिनीवर न सांडता, आवाज न करता आणि रात्री कोणी जागे नसतानाही निमूटपणे खाली उतरेल, अशी वाट काढणे अवघड आहे.

या वाटेचा इतिहास शोधू लागल्यावर आमच्या लक्षात आले की, हा केवळ नळजोडणीचा इतिहास नाही. मत्स्यालयाविषयीच्या दोन परस्परविरोधी कल्पनांचा झगडा त्यात दडलेला आहे. पहिली कल्पना संतुलनाची : पेटीच्या आत वनस्पती आणि प्राणी एकमेकांना पुरे पडतील, तिला बाहेरच्या जगाची गरज उरणार नाही. दुसरी कल्पना अभिसरणाची : पाणी सतत आत येत आणि बाहेर जात राहिले पाहिजे, आणि डोळ्यांना दिसणारी पेटी ही न दिसणाऱ्या एका मोठ्या व्यवस्थेचा लहानसा भाग असते. साहित्याला आणि सामान्य बोलण्याला पहिली कल्पना भावली. मासे मात्र दुसरीने जगले.

आरंभ पाण्यात नव्हे, मातीत झाला. नॅथानिएल वॉर्ड हे लंडनमधील एक वैद्य. १८२९च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. पतंग बाजूला राहिला आणि मातीतून नेचे व गवताचे कोंब वर आले. लंडनच्या धुराने जी नेची बाहेर टिकत नसत, ती बंद काचेआड टिकली. बाटलीतला ओलावा वर जाई, काचेवर साकळे आणि पुन्हा मातीत उतरे. वॉर्ड यांनी १८४२ साली यावर पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काचपेट्यांतून रोपे समुद्रापार जाऊ लागली. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर रद्द झाला, तशी काच स्वस्त होऊन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. झाकण लावलेले, बाहेरून काही न मागणारे एक लहानसे जग दिवाणखान्यात ठेवता येते, ही कल्पना आता मूळ धरू लागली होती.

तीच युक्ती पाण्यात वापरण्याचे श्रेय रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञास दिले जाते. त्यांनी सुमारे ५५ लिटरच्या पेटीत दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू पुरवील, माशांची विष्ठा वनस्पतीला खत होईल, असा हिशोब होता. काही दिवसांत कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यांनी पेटीत गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि वर्तुळ पूर्ण झाले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. वॉरिंग्टन यांच्या या मांडणीत एक गोष्ट फार बोलकी आहे. पेटीतला मळ बाहेर कसा काढावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर असे की, तो बाहेर काढूच नये. तो खाणारे कोणीतरी आत सोडावे. निचऱ्याच्या जागी त्यांनी गोगलगाय बसवली.

समुद्री जीवांच्या बाबतीत त्याच्या थोडे आधी निराळाच प्रयोग झाला होता. १८४६ साली ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळजीव लंडनला आणले. पतीच्या पदामुळे त्यांचे वास्तव्य वेस्टमिन्स्टर ॲबीच्या परिसरात होते, आणि समुद्र दूर. पाणी शिळे पडू नये म्हणून ते रोज उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई. अर्धा ते पाऊण तास हे काम चाले, आणि ते करी घरातली एक मोलकरीण. प्रवाळ जगले. नंतर पेटीत समुद्रशेवाळ आले आणि ओतण्याचे महत्त्व कमी झाले. मत्स्यालयाच्या इतिहासात ॲना थिन यांचे नाव राहिले. मोलकरणीचे नाव आम्हांला कुठे आढळले नाही. परंतु यंत्राच्या भाषेत बोलायचे तर या मत्स्यालयाचा पंप तीच होती आणि निचराही तीच. एका भांड्यातून बाहेर पडणारे आणि दुसऱ्यात शिरणारे पाणी तिच्या दोन हातांमध्ये होते. पुढे ज्याला आपण अभिसरण म्हणू, त्याचे पहिले रूप हे असे आहे.

संतुलनाच्या कल्पनेला कीर्ती मिळवून दिली ती फिलिप हेन्री गॉस यांनी. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले; पुढच्याच वर्षी गॉस यांचे 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द रूढ झाला. १८५५ साली चार्ल्स किंग्जली यांचे 'ग्लॉकस' आले, १८५६ साली शर्ली हिबर्ड यांनी सुरुचीपूर्ण घरांच्या सजावटीवरील पुस्तकात मत्स्यपेटीला मानाचे पान दिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री लुइस आणि जॉर्ज एलियट इलफ्राकूम व टेन्बी येथील खडकांमधून बरण्या घेऊन हिंडत होते. लुइस यांच्या 'सी-साइड स्टडीज' या पुस्तकाचा जन्म त्या फिरण्यातून झाला, आणि जॉर्ज एलियट यांनी आपली पहिली कथा लिहावयास घेतली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. इंग्रजी वास्तववादाच्या अभ्यासकांनी या योगायोगाकडे बारकाईने पाहिलेले आहे. लहान जागेत बंदिस्त केलेल्या जीवांचे परस्परसंबंध धीराने न्याहाळणे, ही सवय बरणी आणि कादंबरी या दोहोंना लागते.

गॉस कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती होते. त्यांच्या दृष्टीने पेटीतले संतुलन हे केवळ रासायनिक नव्हते. सृष्टिकर्त्याच्या योजनेचा तो पुरावा होता. १८५७ साली त्यांनी 'ओम्फॅलोस' लिहिले. सारे जीवन वर्तुळाकार आहे, कोंबडीतून अंडे आणि अंड्यातून कोंबडी, आणि निर्मितीच्या क्षणी ईश्वराने या वर्तुळात कोणत्यातरी बिंदूपाशी प्रवेश केला. म्हणून खडकांत दिसणारा दीर्घ भूतकाळ प्रत्यक्षात घडलेलाच नाही, असा या ग्रंथाचा युक्तिवाद आहे. तो ना धार्मिकांना पटला ना शास्त्रज्ञांना. आमच्या मते 'दि ॲक्वेरियम' आणि 'ओम्फॅलोस' ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींत एक पूर्ण वर्तुळ आहे, आणि दोन्हींत त्या वर्तुळाला बाहेर पडण्याची वाट नाही.

दिवाणखान्यातल्या पेट्यांचे काय झाले? बहुतेकांचे पाणी हिरवे पडले किंवा नासले. चारी बाजूंनी काच असल्याने प्रकाश आणि उष्णता वाजवीपेक्षा जास्त शिरत. जीवांची संख्या हौसेच्या प्रमाणात वाढे, पाण्याच्या प्रमाणात नव्हे. एक कालव मेले की त्याच्या सडण्याने बाकीचे मरत. मग बादली आणून सारे ओतून द्यायचे आणि किनाऱ्यावर जाऊन नवे जीव आणायचे. सिद्धान्तात निचरा नव्हता, पण व्यवहारात होताच; तो घराबाहेरच्या गटारात आणि डेव्हनच्या किनाऱ्यावर होता. गॉस यांचे चिरंजीव एडमंड हे पुढे नामांकित समीक्षक झाले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात त्यांनी आपल्या बालपणीच्या खडकांतील डबकी संग्राहकांच्या झुंडींनी कशी ओरबाडून काढली आणि आपल्याच वडिलांच्या पुस्तकांनी त्या झुंडींना कशी वाट दाखवली, हे खेदाने लिहिले आहे. स्वयंपूर्ण म्हणवल्या जाणाऱ्या पेटीची किंमत एका किनाऱ्याने मोजली होती.

हे सारे जवळून पाहणारा आणि त्यातून निराळा निष्कर्ष काढणारा माणूस म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. लॉइड यांनी १८५०च्या दशकात लंडनमध्ये मत्स्यपेट्यांचे आणि समुद्री जीवांचे दुकान थाटले. १८५८ साली त्यांनी काढलेली सूची म्हणजे त्या वेडाचा जणू कोशच आहे. विकलेल्या पेट्यांचे पुढे काय होते, हे दुकानदाराला लेखकापेक्षा आधी कळते. त्याच सुमारास मेनाई येथील एडवर्ड एडवर्ड्स यांनी एक सुधारणा केली होती : पेटीचा मागचा भाग उताराचा करून त्या उताराखाली एक अंधारा कप्पा ठेवायचा आणि त्यातले पाणी पुढच्या उजेडातल्या पाण्याशी जोडायचे. अंधाऱ्या पाण्यात शेवाळ वाढत नाही आणि ते थंड राहते. दिसणाऱ्या पाण्यामागे न दिसणारे पाणी असावे, हा विचार येथे प्रथम आकार घेतो.

लॉइड यांनी तो विचार इमारतीएवढा मोठा केला. १८६४ साली उघडलेल्या हॅम्बर्गच्या मत्स्यालयात आणि नंतर १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयात त्यांनी जी रचना केली, तिचे तत्त्व आज कोणत्याही घरगुती सागरी पेटीखाली पाहावयास मिळते. जमिनीखाली एक मोठा, थंड, अंधारा हौद. त्यातले पाणी वाफेच्या पंपाने वरच्या टाक्यांत चढवायचे. तेथून ते काठावरून ओसंडून शेजारच्या टाकीत, तीतून पुढच्या टाकीत, आणि शेवटी पुन्हा हौदात. हौद दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा. धातू खाऱ्या पाण्यात झिजतात आणि जीवांना विषारी ठरतात, म्हणून पंप व नळ व्हल्कनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. प्रेक्षकाला दिसत होते त्याच्या कित्येक पट पाणी त्याच्या पायाखाली होते. एका टाकीत काही मेले तर त्याचा परिणाम त्या साऱ्या पाण्यात विरून जाई, आणि ओसंडताना पाण्यात हवा मिसळे. वेस्टमिन्स्टरच्या खिडकीपाशी जे काम मोलकरीण करीत होती, ते आता प्रत्येक टाकीचा काठ करू लागला.

अंतोन डोर्न यांनी नेपल्स येथे उभारलेल्या प्राणिशास्त्रीय संशोधनकेंद्राच्या मत्स्यालयासाठीही लॉइड यांचे साहाय्य घेतले गेले. हे मत्स्यालय १८७४ साली लोकांसाठी उघडले. वरच्या मजल्यावरील दालनात हान्स फॉन मारे यांनी १८७३ साली कोळ्यांची, नावांची, भूमध्य समुद्राची भित्तिचित्रे काढली; कलेच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान आहे. एकाच इमारतीत वर चित्रातला समुद्र, मध्ये काचेआडचा समुद्र आणि खाली हौदातला समुद्र. आम्हांला यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण उरलेल्यांतला एक तरी त्याच्यावर जिवंत होता.

लॉइड यांची व्यवस्था सार्वजनिक इमारतींपुरती राहिली, घरात आली नाही. घरात वाफेचा पंप कोण ठेवणार? घरगुती पेटी पुढची शंभर वर्षे संतुलनाच्या नावावर आणि बादलीच्या जोरावर चालली. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि महाराष्ट्रातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पहिला मोठा काचेआडचा मासा तेथे पाहिला. पण त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे घरी पेटी आणली, त्यांच्या पेटीत हवेचे बुडबुडे सोडणारा लहान पंप होता आणि दर रविवारी तोंडाने ओढून सुरू केलेला रबरी नळीचा सायफन होता. सायफनच्या दुसऱ्या टोकाला बादली होती. ही पद्धत गोड्या पाण्याच्या लहान पेटीस आजही पुरेशी आहे, हे नमूद केले पाहिजे.

परिस्थिती बदलली ती साहित्यामुळे. म्हणजे लेखकांच्या नव्हे, नळकारागिराच्या साहित्यामुळे. १९६०च्या दशकात सिलिकोनने चिकटवलेल्या, धातूची चौकट नसलेल्या पेट्या आल्या. खाऱ्या पाण्याला तोंड देणारे पीव्हीसीचे नळ स्वस्त झाले. पाण्यात बुडवून चालवायचे विजेचे पंप आले. १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत पेटीखालच्या गाळणटाकीचा प्रसार केला, आणि लॉइड यांचा हौद घरातल्या कपाटात येऊन बसला. त्याबरोबर लॉइड यांचा प्रश्नही घरात आला : वरचे पाणी खाली कसे आणायचे?

या प्रश्नाच्या गणिताचा पाया मत्स्यालयाच्या जन्मकाळातच, पण दुसऱ्याच ठिकाणी घातला गेला होता. अमेरिकेतील लॉवेल येथे कापडगिरण्यांना किती पाणी दिले हे मोजण्यासाठी जेम्स फ्रान्सिस या अभियंत्याने सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याचे प्रयोग केले आणि १८५५ साली ते प्रसिद्ध केले. त्यांच्या सूत्रानुसार सांडव्यावरून जाणारा प्रवाह पाण्याच्या थराच्या उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. सोप्या शब्दांत सांगायचे तर ६० सेंटीमीटर लांबीच्या काठावरून सेंटीमीटरभर जाडीचा थर वाहत असेल, तर ताशी सुमारे ४००० लिटर पाणी जाते. थर दुप्पट झाला की प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो. नळाचे याच्या उलट आहे. भरून वाहणाऱ्या नळातला प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पाणी ८० सेंटीमीटर खाली उतरत असेल आणि वरची पातळी आणखी ४ सेंटीमीटरने वाढली, तर प्रवाह जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढेल. सांडवा उदार असतो, नळ कंजूष. काठावरून हवे तेवढे पाणी सहज ओसंडते; संकट उभे राहते ते काठापलीकडच्या कप्प्यात, जेथे त्या पाण्याला नळात शिरायचे असते.

घरी पेटी बसवणाऱ्याने सर्वप्रथम मांडायचा हिशोब वीज गेल्याचा असतो. समजा, पेटी १२० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद आहे. तिच्या पाण्याच्या प्रत्येक सेंटीमीटर उंचीत ७.२ लिटर पाणी मावते. पंप थांबला की काठावरचा सेंटीमीटरभर थर खाली उतरणारच. पण पंपाच्या नळाचे तोंड काठाच्या पातळीखाली ४ सेंटीमीटर बुडलेले असेल, तर तोच नळ उलटा सायफन होऊन तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली ओढीत राहील. एकूण ५ सेंटीमीटर, म्हणजे ३६ लिटर. खालची टाकी ७५ बाय ४० सेंटीमीटरची असेल, तर तिची पातळी १२ सेंटीमीटरने वर येईल, आणि कप्प्यातले व नळांतले पाणी त्यात आणखी भर घालील. तेवढी जागा आधीपासून रिकामी ठेवली नसेल, तर ते पाणी घराच्या फरशीवर जाईल. पंपाच्या नळाला पाण्याच्या पृष्ठभागालगत एक लहान छिद्र पाडले की त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. मात्र त्या छिद्रात शेवाळ साचू देता कामा नये. उलट दिशेचे पाणी अडवणाऱ्या झडपेवर विसंबणे धोक्याचे, कारण खाऱ्या पाण्यात तिच्यावर कवचे धरतात आणि ती नेमकी हवी तेव्हा मिटत नाही.

दुसरा हिशोब निचरा तुंबल्याचा. गोगलगाय नळात शिरली (वॉरिंग्टन यांनी जिला तारक मानले तीच!), तर पंप खालचे पाणी वर चढवीतच राहतो. अशा वेळी पंपाच्या कप्प्यात जेवढे पाणी आहे, तेवढे वरच्या पेटीच्या मोकळ्या काठात मावले पाहिजे. वर ४ सेंटीमीटर काठ मोकळा असेल तर २९ लिटरांच्या आत. पंपाचा कप्पा त्याहून मोठा ठेवणे म्हणजे पुराला आमंत्रण.

तिसरा प्रश्न आवाजाचा. उभ्या नळात नुसते पाणी सोडले तर ते हवा सोबत ओढते आणि गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. मधूनच नळ पूर्ण भरतो, सायफन सुरू होतो, कप्पा भर्रकन रिकामा होतो, सायफन तुटतो, आणि हे चक्र रात्रभर चालते. विसाव्या शतकाच्या अखेरीस डर्सो या नावाने प्रसिद्ध झालेल्या जोडणीत नळाचे तोंड एल्बोने खाली वळवून पाण्यात बुडवलेले असते आणि डोक्यावरच्या टोपीला हवेसाठी बारीक भोक असते. त्यापुढची पायरी म्हणजे 'बीनअ‍ॅनिमल' या टोपणनावाने ओळखली जाणारी तीन नळांची रचना. पहिला नळ हवा अजिबात न घेता पूर्ण भरून वाहतो. गेट व्हॉल्व्हने त्याचा प्रवाह पंपापेक्षा किंचित कमी राखतात. उरलेले थोडे पाणी दुसऱ्या, हवेशी जोडलेल्या नळाच्या कडेने शांतपणे उतरते. पहिला नळ अडीच टक्केच अधिक घेऊ शकतो, म्हणून पातळी स्थिर राखणारा दुसरा लागतो. तिसरा नळ त्या दोघांपेक्षा उंच आणि कोरडा. तो एरवी काहीच करीत नाही. पहिले दोन्ही तुंबले तर पंपाचे सारे पाणी एकट्याने नेण्याची ताकद त्याच्यात असावी लागते. तिन्ही नळ वेगवेगळे खाली उतरले पाहिजेत. जागा वाचवण्यासाठी ते वाटेत एकत्र जोडले, तर एकाच ठिकाणी तुंबून तिन्ही निकामी होतात.

मराठी वाचकाला या साऱ्यात अनोळखी वाटावे असे फारसे काही नाही. 'सांडवा' हा शब्द आपल्याकडे प्रत्येक तलावाशी जोडलेला आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून पुण्यात जो नळ आणला गेला, त्यावर ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधलेले होते. वाहत्या पाण्यातल्या हवेला बाहेर पडायला जागा हवी, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. डर्सोच्या टोपीवरचे भोक त्याच गरजेतून आले आहे. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असा येथे काही संबंध नाही. पण ज्या भाषेने नळाला श्वास दिला, तिच्यात या विषयावर लिहिताना उसनवारी करण्याची गरज पडत नाही, एवढे नक्की.

आता या इतिहासाचा साहित्याच्या विद्यार्थ्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो केवळ गॉस पितापुत्र वा जॉर्ज एलियट यांच्यापुरता नाही. स्वयंपूर्ण, स्वतःच्या आत संतुलित, बाहेरच्या कशावरही अवलंबून नसलेली कलाकृती ही कल्पना समीक्षेला दीर्घकाळ प्रिय राहिली आहे. त्या कल्पनेने पुष्कळ चांगले वाचन शक्य केले, हे आम्ही नाकारीत नाही. बरणीत धीराने पाहण्याची सवयही तिनेच लावली. पण स्वयंपूर्णतेचा दावा जेथे जेथे केला जातो, तेथे बादली कोण उचलते आणि कोणता किनारा ओरबाडला जातो, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. वॉरिंग्टन यांच्या वर्तुळात मोलकरणीला जागा नव्हती. लॉइड यांच्या व्यवस्थेत निदान तिच्या कामाला जागा मिळाली : ते काम मोजले गेले, त्यासाठी हौद खणला गेला, इंधनाचा खर्च मांडला गेला. दडवलेल्या श्रमाचा हिशोब झाला की त्याची सुधारणा करता येते. तो नाहीच असे मानले की दर आठवड्याला कोणीतरी ते निमूटपणे करीत राहते.

म्हणून आम्हांला तीन नळांच्या रचनेत कौशल्याइतकाच प्रामाणिकपणा दिसतो. पहिला नळ योजनेप्रमाणे चालतो. दुसरा, पहिल्याचा हिशोब थोडा चुकणारच हे गृहीत धरून बसवलेला असतो. तिसरा, दोन्ही चुकतील अशा एखाद्या रात्रीसाठी. 'ओम्फॅलोस'च्या वर्तुळात अशा रात्रीची तरतूदच नव्हती.

वर्गात 'फादर अँड सन' शिकवले जाते तेव्हा बहुधा श्रद्धा आणि शंका, बाप आणि मुलगा या जोड्यांवर भर असतो. त्यातील ओरबाडलेल्या डबक्यांची पाने लॉइड यांच्या हौदाशेजारी ठेवून वाचली, तर या दोन पिढ्यांमधला वाद अधिक मूर्त होईल, असे आम्हांस वाटते. आणि ज्या कोणाच्या घरी प्रत्यक्ष पेटी यायची असेल, त्यांनी कागदावर मासे काढण्याआधी निचऱ्याचे तीन नळ काढावेत, प्रत्येकाचे तोंड किती उंचीवर आहे ते लिहावे, आणि तिसरा नळ पंपाचे सारे पाणी एकट्याने नेतो की नाही, हे मासे आणण्यापूर्वी उरलेले दोन्ही बंद करून तपासावे.